अपठित उतारा

आधी प्रश्न वाच, अफीफा, मग उतारा.
उलटं वाटेल, पण काय शोधायचंय ते ठाऊक असलं
की डोळे उगाच भटकत नाहीत.

फहाहील, चौथा मजला, शुक्रवारची दुपार.
खिडकीच्या फटीला ओला टॉवेल दाबलाय,
तरी वहीवर बोट फिरवलं की धुळीत रेघ उमटते.
पलीकडे रिफायनरीची ज्योत, दिवसा फिकी,
खोडरबरने अर्धवट पुसल्यासारखी.
जूनपासून हिला मंडणगडला सातवी, मराठी माध्यम.
माझ्या हातात नऊ शुक्रवार.
हिची अम्मी म्हणाली, "पासापुरतं करा, मॅडम."

उतारा एका होडीवाल्याचा.
म्हादू सकाळी माणसं पैलतीरी सोडतो
आणि रिकामी होडी घेऊन परत येतो.
प्रश्न पहिला: म्हादू कोठे राहतो?
'कोठे' विचारलंय ना, मग जागा सांग आणि थांब.
ती थांबत नाही.
म्हादूची बायको, होडीची गळती, डांबराचा डबा,
सगळं उतरवून काढते पाच ओळींत.
उतारा उतरवायचा नसतो गं, मी म्हणते,
आणि माझंच वाक्य मला गमतीचं वाटतं.
तिला सांगते, सात-बाराचाही उतारा असतो,
विषावरही असतो, नजर लागली तरी काढतात.
"आणि उतारावर ब्रेक," ती म्हणते,
"अब्बाच्या ट्रेलरला."

समानार्थी शब्द लिहा.
पाणी: जल. समुद्र: सागर.
गाव: सुट्टी.
मी लाल पेन उचललं.
मग टोपण लावून ठेवलं.

फरक स्पष्ट करा: खाडी आणि आखात.
ती पेन्सिल चावत बसली बराच वेळ.
लिहिलं, 'वेसवीला खाडीच्या पलीकडचं दिसतं.
आखाताच्या पलीकडचं दिसत नाही.'
दोन गुणांचा प्रश्न. मी दोन्ही दिले.

आता शेवटचा, सगळे इथेच अडतात.
'रिकामी होडी आणताना म्हादूला काय वाटत असेल?'
याचं उत्तर उताऱ्यात शोधू नकोस, ते लिहिलेलंच नाही.
पण मनचंही घालू नकोस.
जे लिहिलंय त्यावरून
जे लिहिलं नाही ते ओळखायचं,
आणि कशावरून ओळखलंस तेही सांगायचं.

"म्हणजे अब्बा येणार नाहीत, तसं?"

कोणी सांगितलं तुला?
"कोणीच नाही."
मग कशावरून? माझ्या तोंडून सवयीने गेलं,
आणि ती सवयीने सांगू लागली,
बोटं मोडत, पूर्ण वाक्यांत, जशी मी शिकवली:
तिकिटं तीनच आहेत.
ताटं खालच्या मल्याळी आंटीला विकली, एक ठेवलं.
छोटा कुकर कार्टनमध्ये घातला नाही.
अब्बा फोनवर मंगफला कोणाला तरी विचारत होते,
एका माणसाच्या बेडचं भाडं किती.

चार पुरावे.
इतके तर मी कधी मागितले नव्हते.
मला वाटलं काहीतरी बोलावं,
पण उताऱ्याबाहेरचं आणायचं नाही हा नियम माझाच.
टॉवेल वाळला होता. उठून पुन्हा ओला केला,
गरजेपेक्षा जास्त वेळ नळाखाली धरला.

परत आले तर तिने लिहून ठेवलं होतं:
'म्हादूला होडी हलकी वाटत असेल. ते त्याला आवडत नसेल.
कारण तो माघारी येताना गाणं म्हणत नाही.'
गाण्याचा उल्लेख खरंच होता, दुसऱ्या परिच्छेदात,
जातानाच्या वाटेवर.
मी स्वतः तो दोनदा वाचला होता.

सहाला बेल वाजली. फैयाज मुकादम दारात,
कंपनीचा निळा ओव्हरऑल, चपला हातात,
माझ्या फरशीला ग्रीस लागू नये म्हणून.
"पोरगी पास होईल ना, मॅडम?"
अफीफा दप्तराची चेन लावत होती,
एकदा, पुन्हा एकदा.

एका वाक्यात उत्तर लिहा, असा प्रश्न होता.
मी एका शब्दात दिलं: "होईल."
मुलांचा अर्धा गुण कापते मी अशाला.